रीफ टँकमध्ये डोमिनो डॅमसेल नव्या क्लाउनफिशना जगू देईना, काय करू?

रंकाळा_रीफ

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. जरा लांबलचक होईल पण पूर्ण वाचा आणि काय ते सांगा, काल रात्रीपासनं माझं डोकंच चालेना झालंय.

टँक रीफचा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा आणि आत कोरल (प्रवाळ) असलेला, ४ बाय दीड बाय दीड फूट, साधारण अडीचशे लिटर. खाली संप (फिल्टरची वेगळी टाकी), स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र), वर दोन वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप). कोरल सगळे सॉफ्ट, म्हणजे झोआ, मशरूम, एक लेदर आणि मागच्या काचेवर पसरलेलं ग्रीन स्टार पॉलिप. सॅलिनिटी १.०२५, तापमान २६, अमोनिया नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. त्यामुळं पाण्याचा घोळ नाही. घोळ आहे तो डोमिनोचा, म्हणजे डोमिनो डॅमसेल या समुद्री माशाचा.

दोन वर्षांपूर्वी टँक सायकल करायच्या (म्हणजे पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया बसवायच्या) वेळी दुकानदार म्हणाला हा टाका, कणखर असतोय, अमोनियाला दाद देत नाही, स्वस्त पण आहे. आणला तेव्हा नखाएवढा होता, काळा कुळकुळीत, मखमलीसारखा, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका. पोरीनं त्याच दिवशी नाव ठेवलं पैलवान. आता तो चांगला ४ इंचाचा झालाय, कपाळावरचा ठिपका गेला, बाजूचे पुसट झाले, रंग राखाडीवर आला. इतके दिवस सोबतीला एक पिवळ्या शेपटीची डॅमसेल, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), हर्मिट खेकडे आणि गोगलगायी एवढंच. सहा महिन्यांपूर्वी एक फायरफिश आणला होता, तो चौथ्या दिवशी सकाळी स्टँडच्या मागं वाळून पडलेला सापडला. तेव्हा मला वाटलं फायरफिश उडी मारतोच, जाळी नव्हती म्हणून गेला. आता कळायलंय की त्यानं उडी का मारली असेल.

परवा मुंबईहून ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या बॉक्समधनं ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी मागवली, दीड दीड इंचाची, टँकमध्येच जन्मलेली. दीड तास ड्रिप करून (टँकचं पाणी थेंबथेंब मिसळून) संध्याकाळी सोडली. दहा मिनिटं काही झालं नाही. मग पैलवान दगडाखालनं बाहेर आला, सगळे पर ताणून उभे केले आणि थेट अंगावर. तेव्हापासनं थांबायलाच तयार नाही. मी काचेजवळ कान नेला तर आतनं टक टक टक असा आवाज यायला लागला, मला आधी वाटलं पंपाचं काहीतरी सैल झालंय. आज सकाळी लहान क्लाउनची शेपटी अर्धी फाटलेली दिसली, तो वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागं उभ्यानं लटकलाय, खायला पण येत नाही. मोठा ओव्हरफ्लोच्या (संपात पाणी जायच्या वाटेच्या) जाळीला चिकटून बसलाय.

पैलवान काय वाईट मासा नाही हो. पोरगी शाळेतनं आली की काचेला बोट लावती, तो लगेच समोर येऊन थांबतोय. त्याला मारायचं तर नाहीच. पण ही दोन पिल्लं पण माझ्याच जिवावर आलीत ना घरात. बायको म्हणती रंकाळ्यात सोडून या. मालवणचा एक मित्र म्हणतोय किनाऱ्यावरचे कोरलचे दगड पोतंभर आणून देतो, लपायला जागा वाढवली की भांडण मिटतंय. काय करू?

मीठ_३५

दादा, बाकी सगळं नंतर, आधी त्या दोघांना आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. हीटरमागं लटकलेला मासा दोन दिवस पण काढत नाही, आणि चावून मेला नाही तरी उपाशी आणि घाबरून मरतो. ताण आला की व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) लगेच धरतो, मग सगळ्याच टँकचा प्रश्न होतो. तसं झालंच तर कॉपरचं औषध चुकूनसुद्धा रीफमध्ये ओतू नका, श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळं जाईल. कॉपर फक्त वेगळ्या टाकीत.

दीड फुटाची साधी टाकी घ्या, पाणी तुमच्याच टँकमधलं भरा, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे. वाळू दगड काही नको. रोज चौथा हिस्सा पाणी बदला. पर फाटणं ही फार मोठी गोष्ट नाही, पाणी स्वच्छ असेल तर आठ-पंधरा दिवसांत भरून येतात. मुळापर्यंत मांस दिसत असेल तर मात्र फोटो टाका.

आता तुमच्या पैलवानाबद्दल. तो टक टक आवाज पंपाचा नाही, त्याचाच आहे. डॅमसेल असा आवाज काढून समोरच्याला इशारा देतात, की ही जागा माझी आहे. डोमिनो म्हणजे डॅसिलस ट्रायमॅक्युलेटस, पिल्लू असताना समुद्रात ॲनिमोनीच्या (समुद्रफुलाच्या) आजूबाजूला टोळीनं राहतो आणि मोठा होऊन ५ इंचाच्या वर जातो. दुकानात कुणी हे सांगत नाही कारण दुकानात तो नखाएवढाच असतो. समुद्रात असं भांडण झालं तर हरलेला मासा चार हात लांब निघून जातो आणि विषय संपतो. तुमच्या टँकमध्ये त्याला जायला जागाच नाही. पैलवानाच्या हिशोबानं तो अजून त्याच्या घरातच उभा आहे, म्हणून हा मारतच राहतो. यात त्याचा राग वगैरे काही नाही, आणि दोन वर्षं एकट्यानं सगळा टँक वापरल्यावर अख्खे ४ फूट त्याचेच झालेत.

आणि जाता जाता, नव्यानं टँक लावणाऱ्यांसाठी. सायकलला मासा लागतच नाही. कोळंबीचा एक तुकडा सडू दिला तरी अमोनिया तयार होतो आणि बॅक्टेरिया बसतात. या एका सल्ल्यामुळं आपल्याकडं घरोघरी डॅमसेल अडकून पडलेत.

रंकाळा_रीफ

काढले दोघांना. लहान्याला काढताना जाळीची गरजच लागली नाही, नुसता मग (मोठा कप) पाण्यात धरला तर आपणहून आत आला, इतका दमलेला होता. पाइपात जाऊन बसलेत दोघं. मांस दिसत नाही, फक्त शेपटीचा वरचा भाग गेलाय. लई आभार.

नवखा_मत्स्यप्रेमी

आरसा लावून बघा ना दादा. माझ्याकडं सिक्सलाइन रॅस असाच नव्या माशांच्या मागं लागायचा, मी काचेला बाहेरून आरसा टेकवून ठेवला ४ दिवस, तो दिवसभर स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसला आणि तोपर्यंत नवीन मासे रुळले. खर्च शून्य. नाहीतर सगळे दगड काढून रचना बदला, त्याची हद्दच पुसली जाईल, मग सगळेच नवीन.

प्रवाळ_पुणे

आरसा चांगला उपाय आहे पण लहान आणि मध्यम तापट माशांसाठी. सिक्सलाइन ३ इंचाचा, आणि नवीन मासे त्याच्या बरोबरीचे असतील तर चालून जातं. इथे ४ इंचाचा डोमिनो आणि दीड इंचाची क्लाउन आहेत. आरसा काढला त्या दिवशी पुन्हा तेच होणार.

दगड हलवण्याबद्दल मला जरा जोरात नाही म्हणायचंय. फिश ओन्ली (कोरल नसलेला, नुसत्या माशांचा) टँक असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण इथे दोन वर्षांची वाळू आहे, खालच्या थरात काय काय साठलं असेल ते एकदम ढवळलं तर पाणी बिघडायला एक रात्र पुरते. शिवाय झोआ आणि मशरूम दगडांना धरलेले आहेत, त्यांची उजेडाची आणि प्रवाहाची जागा बदलेल, महिनाभर मिटून बसतील. वरचे एकदोन सुटे दगड हलवा हवं तर, पाया हलवू नका. माझ्या टँकमध्ये असंच घाईत रचलेला दगड रात्री घसरून तळाच्या काचेला तडा गेला होता, तो आवाज अजून विसरलेली नाही.

आता मालवणच्या पोत्याचं. दादा, कृपा करून नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि २००१ पासून रीफ बांधणारे सगळे दगडी कोरल पहिल्या परिशिष्टात घेतलेले आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर मेलेलं पडलंय म्हणून उचललं तरी ते त्याच प्राण्याचं आहे. त्यात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मित्राचा हेतू चांगला असेल पण अडचणीत तोही येईल आणि तुम्हीही. दगड वाढवायचाच असेल तर कोरडा कृत्रिम रीफ रॉक मिळतो, तो गोड्या पाण्यात भिजवून, धुऊन वापरा.

आणि रंकाळ्यात सोडायचं तर मनातही आणू नका. खाऱ्या पाण्याचा मासा आहे, त्याचं शरीर गोड्या पाण्यात टिकूच शकत नाही, तडफडून मरेल. वहिनींना सांगा, सोडला असं वाटेल पण तो मारल्यासारखंच होईल. रत्नागिरीला समुद्रात सोडणं हाही मार्ग नाही, टँकमधले रोग त्याच्यासोबत बाहेर जातात. एकदा घरात आणला की तो आपला.

माझं मत विचाराल तर याला दुसरं घर शोधा. खूप जण अजून महिना बघू, शांत होईल असं करत राहतात आणि दरम्यान तीन-चार मासे जातात. डोमिनो वयानं शांत होत नाही, उलट वाढतो तसा जास्त आक्रमक होतो.

कृष्णाकाठ

राम राम रंकाळा भाऊ, मी सांगलीचा. माझ्याकडं ६ फुटी टँक हाय, कोरल नाहीत, नुसते मासे. एक निजर ट्रिगर, एक स्नोफ्लेक ईल आणि दोन मोठे डॅमसेल. तिथं तुमचा पैलवान आरामात खपतोय, कारण तिथं त्याच्यापेक्षा दांडगे बसलेत. पाहिजे तर द्या मला, पैसे बिसे काही नको. पोरीला म्हणावं कधी पण येऊन बघून जा.

पण आधी धरायचा कसा ते ऐका, कारण जाळी घेऊन मागं लागलात तर दिवसभर कोरल तुटत बसतील आणि मासा दगडाच्या आत. शिवाय जाळीत त्याच्या परांचे काटे अडकून जखम होती. बाटली कापून उलटी लावायचा ट्रॅप सगळे सांगतात, तो तुमच्या कामाचा नाही, डोमिनो अंगानं उंच असतोय, ताटलीसारखा, दोन लिटरच्या बाटलीच्या तोंडातनं जायचाच नाही.

पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा चौकोनी डबा घ्या, नवीन, साबण न लावता धुतलेला. चारी बाजूंना भोकं पाडा म्हणजे पाणी फिरतंय आणि डबा तरंगत नाही. तो आडवा ठेवायचा, तोंड त्याच्या बिळाकडं. झाकणाच्या जागी ॲक्रिलिकचा तुकडा वरनं खाली पडंल असा बसवा आणि त्याला तंगूस बांधून टोक टँकच्या बाहेर आणा. आता महत्त्वाचं म्हणजे तीन-चार दिवस दार पाडायचंच नाही. नुसता डबा ठेवा आणि खाणं फक्त त्याच्या आतच टाका, ताज्या कोळंबीचा तुकडा सगळ्यात भारी. पहिल्या दिवशी तो डब्यालाच टकरा मारंल, दुसऱ्या दिवशी तोंड आत घालंल, मग डबाच त्याचं घर झालं असं वाटायला लागंल. ज्या दिवशी धरायचा त्याच्या आदल्या दिवशी खायला देऊ नका. अंग पूर्ण आत गेलं की दोरा सोडा. एकदाच संधी हाय, दार अर्ध्यात अडकलं आणि तो निसटला तर आठवडाभर डब्याकडं बघत पण नाही. म्हणून आधी बाहेर बादलीत दहा वेळा दार पाडून बघा.

मीठ_३५

कृष्णाकाठनं सांगितलेला प्रकार बरोबर. अगदीच नाही जमलं तर शेवटचा उपाय म्हणजे पाणी दोन मोठ्या ड्रममध्ये काढून घ्यायचं, वीतभर ठेवायचं आणि मासा उचलायचा, मग तेच पाणी परत. सॉफ्ट कोरल थोडा वेळ उघडे राहिले तरी सोसतात. हीटर आधी बंद करा मात्र, पाण्याबाहेर तापला की फुटतो.

रंकाळा_रीफ

मंडळी, ११ दिवसांनी लिहितोय, धरला.

लक्ष्मीपुरीतनं ५ लिटरचा डबा आणला, भोकं तापवलेल्या खिळ्यानं पाडली. पहिले दोन दिवस कृष्णाकाठ भाऊ म्हणाले तसंच, पैलवानानं डब्याला टकरा मारल्या, माझ्या हाताला पण दोनदा चावला, रक्त नाही आलं पण चांगलं झोंबलं. तिसऱ्या दिवशी हर्मिट आत शिरून कोळंबी खात बसले आणि ते बघून हा चिडला, आत शिरून एकेकाला तोंडानं धरून बाहेर फेकायला लागला. शेवटी डबा त्यानं स्वतःच ताब्यात घेतला. चौथ्या दिवशी दोरा सोडायची माझी हिंमत होईना, एक दिवस आणखी थांबलो. पाचव्या दिवशी पोरगीच म्हणाली बाबा मी सोडती. सोडला तिनं. दार खाली पडलं आणि तो आत उलटा वळला, काचेकडं तोंड करून आमच्याकडं बघत राहिला. ती रडली थोडी. मला पण बरं वाटलं नाही, दोन वर्षं रोज सकाळी लाइट लावल्यावर पहिला तोच समोर यायचा.

रविवारी झाकणाच्या बादलीत टँकचंच १५ लिटर पाणी, बॅटरीवरचा एअर पंप, वर ओला टॉवेल, आणि जयसिंगपूरमार्गे सांगली. बादली पोरीच्या पायात. कृष्णाकाठ भाऊंनी दीड तास ड्रिप केलं, लाइट बंद करून सोडला. तिथला ट्रिगर एकदा येऊन बघून गेला, पैलवानानं पर उभे केले, टक टक केलं, आणि मग एका मोठ्या दगडाखाली जाऊन बसला. भाऊंनी काल फोटो पाठवलाय, खायलाय.

क्लाउन पण सुधारलेत, लहान्याची शेपटी बरीचशी भरून आली, कडेला पारदर्शक नवीन पापुद्रा दिसतोय. आता सोडू का टँकमध्ये? की आणखी थांबू? आणि एक नवीनच, पिवळ्या शेपटीची जी दोन वर्षं गुपचूप दगडात असायची ती आता सगळ्या टँकभर फिरायलीय आणि श्रिंपला ढुशा द्यायलीय.

प्रवाळ_पुणे

वाचून खूप बरं वाटलं. मुलीला माझ्याकडून शाबासकी.

पिवळ्या शेपटीचं नवल नाही, वरचा गेला की खालचा जागा घेतो. ही जात डोमिनोपेक्षा पुष्कळ सौम्य आहे आणि आकारही लहान, त्यामुळे इथे आरसा नक्की वापरा, त्या भावानं सांगितलेला. क्लाउनना सरळ सोडू नका. भोकं पाडलेला तोच डबा स्वच्छ धुऊन आत काठाला टांगा, दोघांना त्यात ५-६ दिवस ठेवा. दिसतील पण हात लावता येणार नाही असं. पिवळी पहिले दोन दिवस डब्याभोवती घिरट्या घालेल, मग कंटाळेल. तिनं डब्याकडे लक्ष देणं सोडलं की सोडायचे, संध्याकाळी लाइट गेल्यावर, दोघांना एकत्र. खाणं आधी तिला एका कोपऱ्यात द्या आणि मग क्लाउनना दुसऱ्या टोकाला. दिवसातून एकदा ढीगभर देण्यापेक्षा तीनदा थोडं थोडं द्या, भुकेला मासा जास्त भांडतो.

आणि वर जाळी बसवली का?

रंकाळा_रीफ

बसवली ताई, ॲल्युमिनियमच्या खिडकीची चौकट करणाऱ्याकडनं मापानं करून घेतली, बारीक पारदर्शक जाळी.

क्लाउन सहाव्या दिवशी सोडले. पिवळी पहिल्या रात्री एकदा धावली, मोठा क्लाउन उलटा तिच्याच अंगावर गेला आणि ती वळली. आज तिसरा दिवस. आरसा अजून बाहेर टेकवलेला आहे, उद्या काढतोय. दोघं लेदर कोरलच्या खाली झोपतात, लहान्याचं अंग त्याच्यात घासून घासून तो कोरल अर्धा मिटूनच असतोय, हे चालंल ना?

मीठ_३५

चालेल. क्लाउन त्यालाच ॲनिमोनी समजतायत. दोन-तीन आठवड्यांत लेदरला सवय होते आणि तो परत उघडतो. महिनाभरानं पण मिटलेलाच राहिला आणि देठाजवळ काळं पडायला लागलं तर सांगा, तेव्हा बघू.